घरातील धूळ आणि दम्याचा विकार

सकाळी उठल्याबरोबर ओळीने दहा-पंधरा शिंका येणे, नाक गळणे, डोळे चुरचुरणे आणि रात्री छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येणे, ही तक्रार पुण्यात गल्लोगल्ली ऐकू येते. ‘पुण्याची हवा सोसत नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हवेचा दोष नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु माणूस रात्रीचे सात-आठ तास ज्या गादीवर काढतो, तिचा विचार फारसा कोणी करीत नाही. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याची झोप वरचेवर मोडू लागली तर त्याचा परिणाम गुणपत्रिकेवर होतो, आणि घरचे मात्र पोरगा अभ्यास करीत नाही म्हणतात.

अ‍ॅलर्जी म्हणजे काय? एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थाला शरीर शत्रू समजते व त्याच्याशी झगडू लागते. शिंका, डोळ्यांतले पाणी, श्वासनलिका आकसणे हा सारा त्या झगड्याचा परिणाम होय. घरातील धुळीने दमा उसळतो हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते. पण धुळीतले नेमके काय बाधते ते कळत नव्हते. १९६४ साली हॉलंडमधील लायडन येथे फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा आदी संशोधकांनी धुळीतील सूक्ष्म किडीकडे बोट दाखविले. ही कीड एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, चावतही नाही. आपल्या अंगावरून झडणारा त्वचेचा कोंडा हे तिचे अन्न. ती पाणी पीत नाही, हवेतला दमटपणा शोषून जगते. म्हणून पावसाळ्यात ती फोफावते. माणसाला बाधते ती मुख्यत्वे तिची विष्ठा.

आता हे ध्यानात घेऊन आपल्या घराकडे पाहावे. दहा बाय बाराची खोली, कॉटखाली ट्रंका, ट्रंकांवर गोधड्यांची चळत आणि कोपऱ्यात गुंडाळलेली कापसाची गादी. किडीला आणखी काय हवे?

चादरी, उशीचे अभ्रे व गोधडी ५५ ते ६० अंश तापलेल्या पाण्यात, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या कढत पाण्यात भिजवून धुवावी. चादरी-अभ्रे आठवड्याला, गोधडी महिन्याला. थंड पाण्याने मळ जातो, विष्ठाही बरीचशी जाते. कीड मात्र बहुतांशी जगते. गादी धुता येत नाही. तिला कडक ऊन द्यावे, दोन्ही बाजूंनी, दिवसभर. उन्हाने कीड मरते, पण विष्ठा कापसातच राहते, म्हणून उन्हानंतर गादी गच्चीवर झोडपणे आवश्यक. झोडपणारा अर्थातच रुग्ण नसावा. गादी पिंजून घ्यायची असेल तर रुग्णाला त्या दिवशी दुसरीकडे पाठवावे. नंतर गादीला व उशीला रेक्झिनची किंवा अगदी दाट विणीच्या कापडाची पूर्ण बंद खोळ शिवावी. मुलांची कापसाची खेळणी पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दिवस-दोन दिवस ठेवली व मग धुतली तरी चालते.

झाडण्याबद्दल आमचे मत थोडे कडक आहे. कोरड्या केरसुणीने फटाफट झाडणे म्हणजे खाली बसलेली धूळ उठवून नाकात घालणे. ओल्या फडक्याने पुसावे. झाडायचेच असेल तर आधी पाणी शिंपडावे, नाकाला रुमाल बांधावा, आणि रुग्णाने अर्धा तास तरी खोलीत येऊ नये. तेवढ्या वेळात हे कण बरेचसे खाली बसतात. आमच्या बँकेत रेकॉर्ड रूममधून जुनी व्हाउचरे काढायला जाणारा शिपाई रुमाल बांधल्याशिवाय आत पाऊल टाकीत नसे. घरात मात्र दमा असलेली बाईच पदर तोंडाला न लावता रोज केर काढते, आणि धडधाकट मुलगे चहा पीत बसतात. हे काम त्यांनी अंगावर घ्यावे.

ओलीचे म्हणाल तर मोरीलगतच्या भिंतीवर काळी बुरशी दिसली की आपण वरून रंग मारतो. पाणी कुठून झिरपते ते बंद केल्याशिवाय रंगाचा उपयोग नाही. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, पावसाळ्यात ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नयेत. झुरळांचीही अ‍ॅलर्जी असते. त्यांना फवाऱ्यापेक्षा बोरिक पावडर, कणीक व साखरेच्या गोळ्या बऱ्या. त्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

काँग्रेस गवताचे नाव तर पुण्याशी जोडलेलेच आहे. स्वातंत्र्यानंतर या गवताकडे भारतात प्रथम लक्ष वेधले गेले ते १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात. त्याचे परागकण खिडकीतून आत येतात, आणि स्पर्शाने अंगावर पुरळ उठते. फुले येण्यापूर्वी, हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून ते मुळासकट उपटावे. वस्तीतील तरुणांना जून-जुलैमधील एका रविवारी हे सहज जमेल.

धूर ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला तो सोसत नाही. एका डासांच्या कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण निघतात असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. त्यापेक्षा मच्छरदाणी चांगली. घरी वंदनेच्या वेळी अगरबत्तीऐवजी फुले ठेवली तर वंदनेत काही उणे येत नाही.

यातले एकच काहीतरी करून गुण येत नाही. नुसत्या खोळी वापरून मोठ्या माणसांच्या दम्यात फरक पडला नाही, असे २००३ साली इंग्लंडमध्ये दिसून आले. उलट २००४ साली अमेरिकेतील सात शहरांतल्या ९३७ मुलांच्या घरी खोळी, झुरळे, धूर असे सारे उपाय एकत्र केले, तेव्हा त्यांचे त्रासाचे दिवस कमी झाले. त्यांचेही औषध बंद केलेले नव्हते. इनहेलरची सवय लागते हा गैरसमज आहे. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तो सोडू नये. मृगाला हैदराबादेस जाऊन माशातून औषध घेणारे आजही आहेत. त्या प्रवासाच्या खर्चात घरातल्या साऱ्या गाद्या-उशांना खोळी होतील. हे काम मे महिन्यात, पावसाआधी उरकावे, आणि ऑक्टोबरच्या उन्हात गाद्या पुन्हा एकदा गच्चीवर न्याव्यात.