मांजरा-तेरणेकाठचे मल्ल

देवणी, निलंगा, उदगीर या लातूर जिल्ह्याच्या कर्नाटकालगतच्या पट्ट्यात कुस्तीचे वर्ष जत्रा-उरुसांवर चालते. फडाची सुरुवात पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी होते. इनामाची रक्कम चढत जाते आणि दिवस कलताना मानाची कुस्ती लागते. नामवंत मल्लाची पहिली पाठ बहुधा अशाच एखाद्या फडात मातीला लागलेली असते.

या भागाने दिलेले सर्वांत मोठे नाव हरिश्चंद्र बिराजदार. जन्म 1950 सालचा, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा. कसब मात्र घडले कोल्हापुरात, गंगावेस तालमीत. लातूरला 1969 मध्ये महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन भरले आणि जिल्ह्याच्या या पोराने घरच्याच आखाड्यात गदा मिळवली. पुढच्याच वर्षी एडिंबरा येथील राष्ट्रकुल स्पर्धेत 82 किलो गटात त्यांना सुवर्णपदक मिळाले. त्या स्पर्धेत भारताची पाचही सुवर्णपदके कुस्तीतच आली. हे यश दिसते त्याहून अवघड होते, कारण ही कुस्ती मातीतली नव्हे, गादीवरची होती. हळद, तेल, ताक घालून मळलेल्या लाल मातीत पाय रुततो, कुस्ती लांबते, दमसास लागतो. गादीवर पाय सरकतो, घड्याळ धावते आणि चितपट न करताही गुणांवर हार-जीत ठरते. मातीत वाढलेल्या मल्लाला गादीवर सारा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

बिराजदार 1972 मध्ये रुस्तुम-ए-हिंद झाले. तरीही जुने शौकीन पदकांआधी बेळगाव काढतात. तिथे 1977 मध्ये त्यांनी दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याच्या सतपालला हरवले. सतपाल तेव्हा देशातला दबदब्याचा मल्ल; पुढे सुशीलकुमारचा गुरू म्हणून तो साऱ्या देशाला ठाऊक झाला. शासनाने बिराजदारांना ध्यानचंद पुरस्कार दिला तो 2006 मध्ये, म्हणजे एडिंबरानंतर छत्तीस वर्षांनी. उशीर झाला असे म्हणायला हरकत नाही.

उत्तरायुष्यात ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद होते. पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली तयार झाला. 14 सप्टेंबर 2011 रोजी बिराजदारांचे निधन झाले आणि राहुल काका पवारांकडे गेला. काका पवारही लातूर जिल्ह्यातलेच, साई गावचे. त्यांचा प्रकार ग्रीको-रोमन. त्यात कमरेखाली पकड घेता येत नाही, म्हणजे गावच्या फडातला हुकमी एकेरी पटच बाद. मराठी मातीत या प्रकाराला गिऱ्हाईक कमी. तरीही त्यातच त्यांनी नाव काढले आणि 1998 चा अर्जुन पुरस्कार मिळवला. राहुलने 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य पटकावले. त्या पदकांमागे लातूरचे दोन वस्ताद आहेत.

खुराकाचे दूध-बदाम घरून पुरवता येतात. रोज अंगावर घ्यायला तोलामोलाचे जोडीदार गावात मिळत नाहीत, आणि गादी तर त्याहून दुर्मीळ. म्हणून लातूरचा मल्ल आधी कोल्हापूरला जाई, आता पुण्याला जातो. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत लातूरचा शैलेश शेळके आणि नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर समोरासमोर आले. दोघेही पुण्यातल्या काका पवारांच्या तालमीतले, एकमेकांचे डाव तोंडपाठ असलेले. सदगीरने कुस्ती 3-2 अशी जिंकली.