धान घरी आलं की पडदा उघडतो

माजरीत वेळ पाळ्यांवर चालते. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) खाणी, कोळशाच्या मालगाड्या, जंक्शनवरून वणीकडे फुटणारा फाटा; इथे दिवाळीतही कोळसा निघतच असतो. याच चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडे निघालं की वर्षाची मांडणीच बदलते. चांदा फोर्टहून गोंदियाकडे जाणारी गाडी मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडशाला पोचते, तोवर खिडकीबाहेर धानाच्या बांध्या आणि तलाव लागलेले असतात. पूर्व चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया मिळून ही झाडीपट्टी. इथलं नाटक धानावर ठरतं. कापणी झाली, धानाच्या गंजी म्हणजे पुंजणे लागले, पहिला माल विकून हातात पैसा आला, की भाऊबीजेच्या सुमारास पहिला पडदा उघडतो आणि हंगाम चालतो थेट होळीपर्यंत.

पुण्या-मुंबईत नाट्यव्यवसायाच्या अडचणींवर दर वर्षी परिसंवाद होतात. त्यात झाडीपट्टीचं नाव क्वचितच निघतं, याचं मला वाईट वाटतं. कारण सिनेमा, टीव्ही आणि मोबाइल येऊनही तिकीट काढून, थंडीत रात्रभर बसून नाटक बघणारा प्रेक्षक इथे टिकला आहे. तो टिकला याचं कारण माझ्या मते एकच: इथे नाटक लावतं ते गाव.

गावातलं मंडळ पावसाळा सरता सरता वडशाला जातं. कागदोपत्री देसाईगंज, पण सगळे वडसाच म्हणतात. वैनगंगेकाठच्या या बाजारपेठेत हंगामापुरती नाटक कंपन्यांची कार्यालयं उघडतात, दारावर नटनट्यांच्या फोटोंचे फलक लागतात. कोणतं नाटक, नायिका कोण, विनोदी नट कोण, गाणारा कोण हे पाहून मंडळ तारीख घेतं, रक्कम ठरते, इसार दिला जातो. पुढचा सगळा भार गावाचा. मैदान गावाचं, शामियाना गावाचा, तिकिटं गावकरी विकणार. फायदा झाला तर देवळाला किंवा शाळेला काहीतरी होतं. खोट आली तर मंडळाच्या पोरांच्या खिशातून जाते. ज्याने स्वतः तिकिटं विकली, तो नाटकासाठी घरच्या कार्यासारखाच राबतो.

आणि ते असतंही घरचं कार्य. नाटक ठरलं की लेकीबाळींना निरोप जातात. जावई येतात, व्याही येतात, चुलीवर वडे तळले जातात. दिवसा मंडई म्हणजे जत्रा किंवा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. उपवर मुला-मुलींची पाहणी याच गर्दीत होते. कित्येक सोयरिकी नाटकाच्या रात्री जुळल्या आहेत. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंदी घातली, तेव्हा पट थांबले आणि डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळेपर्यंत थांबलेलेच राहिले. पटाच्या आधाराने वाढलेलं नाटक त्या काळातही उभं राहिलं. त्याला मोठा धक्का बसला तो कोविडचा. पाहुण्यांनाच बंदी आल्यावर नाटक कसं लागणार?

या नाटकाची मुळं आजच्या कंपन्यांहून जुनी आहेत. दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोककला. पुरुषच बायकांची सोंगं घ्यायचे. पुढे गावच्या हौशी मंडळींनी संगीत नाटकं बसवली, बाहेरून नट्या बोलावल्या, आणि हळूहळू पगारी नटांच्या कंपन्या उभ्या राहिल्या. गाण्याची हौस मात्र तीच. आजही रंगमंचासमोर ऑर्गन आणि तबला असतो, शेजारी ऑक्टोपॅडही आलेला आहे. आवडलेल्या गाण्याला वन्समोअर मिळतो आणि गायक ते पुन्हा गातो.

रात्री दहाच्या पुढे केव्हातरी सुरुवात होते. आधी नटराजपूजन, उद्घाटक, हारतुरे, भाषणं. मग नाटक, ते पहाटेपर्यंत. खाली सतरंजीवर घोंगडी पांघरलेल्या बाया, त्यांच्या मांडीवर झोपलेली लेकरं, मागे खुर्च्या, त्याहीमागे चहा-भज्यांची दुकानं. विंगेत प्रॉम्प्टर बसलेला असतो आणि माझ्या लेखी तोच या रंगभूमीचा कणा. नट आज एका नाटकात, उद्या दुसऱ्या. तालमीला दिवस थोडे, रोज नवं गाव. प्रॉम्प्टर वहीतून अर्धं वाक्य सोडतो, नट ते उचलून लोंबत्या माइकखाली पूर्ण करतो आणि मध्येच समोरच्या गर्दीचा अंदाज घेत पदरचं एखादं वाक्य घालतो. प्रॉम्प्टरला तेवढं थांबावं लागतं आणि नेमक्या जागी पुन्हा धागा द्यावा लागतो. हे कसब कुठल्या नाट्यशाळेत शिकवलं जात असेल असं वाटत नाही.

या रंगभूमीला देशाने ओळखलं ते परशुराम खुणे यांच्यामुळे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे हे शेतकरी-नट. आठशे वेगवेगळ्या भूमिका, पाच हजारांहून अधिक प्रयोग, आणि 2023 मध्ये पद्मश्री. विनोदी नट म्हणून लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. व्यसन आणि अंधश्रद्धा यांवर त्यांनी रंगमंचावरून सतत बोट ठेवलं, नक्षलवादाची झळ बसलेल्या तरुणांच्या पुनर्वसनासाठीही काम केलं. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावचे सदानंद बोरकर यांनी शेतकऱ्यांच्या मरणाचा विषय ‘आत्महत्या’ या नाटकातून मांडला. ज्यांच्या घरात कर्ज आहे, त्यांच्याच पुढ्यात, त्यांनीच भरवलेल्या मांडवात तो विषय मांडायला धाडस लागतं.

सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. गेल्या काही वर्षांत कथानकाशी संबंध नसलेले नाच वाढले आहेत, विनोद कधीकधी पातळी सोडतो, आणि बायकांना उठून जावं असं वाटायला लावणारा प्रवेश हा झाडीपट्टीच्या नाटकाचा घात आहे, कारण या मांडवात बायकाच सर्वांत निष्ठावान प्रेक्षक आहेत. त्या येतात सासुरवाशिणीच्या, दारुड्याच्या घराच्या, भावाबहिणीच्या गोष्टीसाठी. त्यांचं रडणं शहरी समीक्षकाला भडक वाटतं. मला ते प्रामाणिक वाटतं.

चिंता आहे ती प्रॉम्प्टरच्या वह्यांची. झाडीपट्टीतली पुष्कळ नाटकं छापली गेलीच नाहीत. ती या हस्तलिखितांतच आहेत, घामाने ओलावलेली, कोपरे फाटलेली. नट गेला, कंपनी मोडली की वही माळ्यावर जाते आणि पुढे वाळवी लागते. गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. या वह्या, जुनी पत्रकं आणि म्हाताऱ्या नटांच्या आठवणी गावोगाव फिरून गोळा करणं, त्यांच्या प्रती काढून मूळ वही मालकाला परत देणं, हे काम तिथे मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं जावं. भाऊबीजेनंतर सगळी नटमंडळी वडशातच भेटतात. सुरुवात तिथून करता येईल.