साष्टी बेटावरील सार्वभौमत्वाचा वाद

कोकण किनाऱ्यावरील साष्टी बेटाच्या स्वामित्वाविषयी पोर्तुगीज, इंग्रज व मराठे यांच्यात सतराव्या व अठराव्या शतकांत चाललेला राजकीय विवाद. १६६१ च्या इंग्रज-पोर्तुगीज विवाहकरारापासून त्याचा प्रारंभ झाला व १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्याचा राजकीय निकाल लागला. बेटावरील चर्चविषयक अधिकारांचा प्रश्न मात्र विसाव्या शतकापर्यंत रेंगाळला.

स्थान व नाव : साष्टीच्या उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, दक्षिणेस माहीमची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र आहे. मुंबई उपनगर जिल्ह्याचा बहुतेक भाग, ठाणे शहर व मीरा-भाईंदर हे या बेटावर वसले आहेत. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील साकीनाका व त्याच्या आसपासची मरोळ, पवई, तुंगवे, तिरंदाज ही जुनी गावे बेटाच्या अंतर्भागात येतात. ‘षट्‌षष्टी’ म्हणजे सहासष्ट गावांचा समूह, या शब्दावरून साष्टी हे नाव आले, अशी व्युत्पत्ती सांगतात. पोर्तुगीज व इंग्रज त्यास ‘सालसेत’ म्हणत. गोव्यातील मडगाव ज्यात आहे तो साष्टी तालुका याहून वेगळा.

पूर्वेतिहास : कान्हेरी येथील नवव्या शतकातील कोरीव लेखांत राष्ट्रकूट सम्राट पहिला अमोघवर्ष याच्याबरोबर त्याचे मांडलिक असलेल्या उत्तर कोकणच्या शिलाहारांचा उल्लेख येतो. दहाव्या शतकाच्या अखेरीस राष्ट्रकूटांची सत्ता लयास गेल्यावर शिलाहार व्यवहारतः स्वतंत्र झाले. साष्टीवरील श्रीस्थानक (ठाणे) हे त्यांचे प्रमुख केंद्र असल्याने, ज्याची राजधानी या बेटावर होती असे हे स्वतंत्र राज्य म्हणता येईल. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगिरीचा यादव राजा महादेव याने शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा पराभव केला. सोमेश्वर समुद्रात बुडून मेला, असे हेमाद्रीच्या प्रशस्तीत सूचित केले आहे. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धाची दृश्ये कोरलेली आहेत. काही अभ्यासक त्यांचा संबंध याच संघर्षाशी जोडतात, तर काही ते त्याहून जुने मानतात. पुढील काळाविषयीच्या स्थानिक परंपरा महिकावतीच्या बखरीत ग्रथित झाल्या असून ही बखर वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. यादवांनंतर हा प्रदेश कालांतराने गुजरातच्या सुलतानांकडे गेला.

पोर्तुगीज अंमल : मोगलांच्या दबावामुळे अडचणीत आलेला गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगीजांना दिली. साष्टीवरील पोर्तुगीजांचा हक्क या दानपत्रातून निर्माण झाला. त्यांनी गावे सरदारांना व धर्मसंघांना ठराविक वार्षिक धाऱ्याने लावून दिली. या धाऱ्यास पोर्तुगीज भाषेत ‘फोरो’ म्हणत. मुंबईच्या महसुली व्यवहारातील ‘फोरस’ हा शब्द त्यावरूनच रूढ झाला. धर्मांतराच्या मोहिमेत मंदिरे पाडली गेली. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्याचे फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी प्रार्थनास्थळात रूपांतर केले. अंधेरी पूर्वेस सीप्झच्या आवारात अवशेषरूपाने उभे असलेले सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च १५७९ मधील आहे. राज्यकर्ता बदलला की जमिनीचा मालक, कराचा प्रकार व पूजास्थान हे सारेच बदलू शकते, याचा अनुभव बेटावरील शेतकरी, कोळी व भंडारी यांना या काळात आला.

विवाहकरार व वादाचा प्रारंभ : इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार २३ जून १६६१ रोजी झाला. त्यातील एका कलमाने मुंबईचे बंदर व बेट, तत्संबंधी हक्क, उत्पन्ने व तदंगभूत प्रदेशांसह, इंग्लंडच्या राजास देण्यात आले. मात्र या प्रदेशांची नावे वा सीमा करारात स्पष्ट केलेल्या नव्हत्या. मुंबईच्या बंदराची सुरक्षितता साष्टी व ठाणे यांवर अवलंबून असल्याने ती स्थळेही दानात येतात, असे इंग्रजांचे म्हणणे होते. पोर्तुगीजांच्या मते दान केवळ मुंबई या एका बेटाचे होते. शेजारचे माहीमसुद्धा त्यात येत नव्हते. ओहोटीच्या वेळी ही लहान बेटे चिखलवाटांनी परस्परांस जोडली जात. त्यामुळे एक बेट कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते, हा भूगोलाचा प्रश्न राजनीतीचा प्रश्न बनला.

१६६२ मध्ये इंग्रज आरमार मुंबईस पोहोचले, तेव्हा व्हाइसरॉय आंतोनियो दे मेलो दे कास्त्रो याने ताबा देण्याचे नाकारले. सर एब्राहम शिपमन याला आपल्या सैन्यासह कारवारनजीकच्या अंजदीव बेटावर थांबावे लागले. तेथे रोगराईने त्याचे बहुतेक सैनिक मेले व १६६४ मध्ये तोही मरण पावला. त्याचा उत्तराधिकारी हंफ्री कुक याने पोर्तुगीजांच्या अटी मान्य करून फेब्रुवारी १६६५ मध्ये केवळ मुंबई बेटाचा ताबा घेतला व नंतर माहीम बळाने व्यापले. कुकने मान्य केलेल्या अटी चार्ल्सने अमान्य केल्या. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने मुंबई वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीस दिली. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. ठाणे येथे पोर्तुगीज घेत असलेल्या जकातीमुळे मुंबईच्या व्यापारास अडथळा होत असे व साष्टीवरील इंग्रजांची मागणी त्यामुळे जिवंत राहिली.

मराठ्यांचा अंमल : चिमाजी आप्पाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टीवर चढाई करून ठाणे घेतले. सु. १७३० मध्ये बांधावयास घेतलेला ठाण्याचा किल्ला तेव्हा अपुराच होता. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. मराठ्यांचा हक्क कोणत्याही दानपत्रावर नव्हे, तर जिंकलेल्या व प्रत्यक्ष राबविलेल्या अंमलावर आधारलेला होता. त्याच वर्षी इंग्रजांनी पेशव्यांशी व्यापारविषयक तह केला. शेजारची सत्ता म्हणून मराठ्यांना मान्यता देणे त्यांना क्रमप्राप्त होते. तथापि साष्टीची अभिलाषा त्यांनी सोडली नाही. १७७२ मध्ये टॉमस मॉस्टिन याला पुण्यास पाठविण्यामागे साष्टी व वसई वाटाघाटीने मिळविण्याचा उद्देश होता.

इंग्रजांचा ताबा व तहांची मालिका : ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्याचा खून झाला व पुण्यात गादीसाठी कलह सुरू झाला. साष्टी परत घेण्यासाठी पोर्तुगीज आरमार येत असल्याच्या वार्तेने मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी व त्याचे मंडळ यांनी त्वरा केली. २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला व लवकरच संपूर्ण बेट व्यापले. वाटाघाटी फिसकटल्यावर केलेल्या या लष्करी कृतीला कायदेशीर रूप देण्यासाठी पुढे आठ वर्षे एकामागून एक तह झाले.

मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने रघुनाथरावाने साष्टी व वसई इंग्रजांना देऊ केली. तथापि रघुनाथराव स्वतःच सत्ताभ्रष्ट असल्याने जे आपल्या हाती नाही ते तो कसे देऊ शकतो, हा आक्षेप उघड होता. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने हा तह नामंजूर केला. मात्र त्याच सरकारच्या वतीने कर्नल अप्टन याने १ मार्च १७७६ रोजी केलेल्या पुरंदरच्या तहात साष्टी इंग्रजांकडे राहावी, किंवा तिच्या मोबदल्यात त्यांनी तीन लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख घ्यावा, असे ठरले. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे कोंडीत सापडलेल्या मुंबईच्या सैन्याने १७७३ नंतर घेतलेला मुलूख, साष्टीसह, परत करण्याचे कबूल केले. सुटका झाल्यावर हा करार नाकारण्यात आला. अखेर १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने झालेल्या सालबाईच्या तहात वसई पेशव्यांना परत मिळाली. साष्टी मात्र घारापुरी, करंजा आदी बेटांसह इंग्रजांकडे कायम झाली. साष्टीवर प्रत्यक्ष राज्य करणाऱ्या मराठी सत्तेने दिलेली ही पहिली निर्विवाद संमती होय.

चर्चविषयक अधिकार : साष्टीतील चर्चवर धर्मगुरू नेमण्याचा पोर्तुगालच्या राजाचा परंपरागत हक्क (पाद्रोआदो) राज्य गेल्यावरही संपला नाही. रोमच्या प्रचारमंडळाने नेमलेले धर्माधिकारी व पोर्तुगीज परंपरेतील धर्माधिकारी यांच्यात मुंबई व साष्टी येथे दीर्घकाळ संघर्ष झाला. एकेका धर्मग्रामाची निष्ठा विभागली गेली. १८८६ च्या करारानंतर साष्टीचे धर्मग्राम दमणच्या बिशपक्षेत्रात ठेवण्यात आले. १९२८ च्या करारान्वये ते मुंबईच्या धर्मप्रांतात विलीन झाले. त्यानंतरही मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व इंग्रज असावा, ही अट १९५० पर्यंत टिकली. येथील मराठीभाषक ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे व कंपनीच्या जुन्या प्रजेपैकी आहोत, हे त्यातून सुचवावयाचे होते.

कायदेशीर मूल्यमापन : या वादात तीन प्रकारचे हक्क परस्परांसमोर उभे होते : पोर्तुगीजांचा जुन्या दानपत्राचा, इंग्रजांचा संदिग्ध कराराचा व मराठ्यांचा प्रत्यक्ष अंमलाचा. पाल्मास बेटाविषयी नेदर्लंड्स व अमेरिका यांच्यातील वादात न्यायाधीश माक्स हूबर यांनी १९२८ मध्ये दिलेल्या निवाड्यात, केवळ प्रारंभिक व अपूर्ण हक्कापेक्षा दीर्घकाळ, शांततेने व सातत्याने चालविलेली सत्ता श्रेष्ठ ठरते, असे तत्त्व मांडले. त्या कसोटीस १७७४ पूर्वीचा इंग्रजांचा साष्टीवरील दावा टिकत नाही. महसूल व सार्वभौमत्व यांतील भेदही महत्त्वाचा आहे. दाद्रा व नगरहवेलीविषयक पोर्तुगाल-भारत खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० मध्ये असे मानले, की १७७९ च्या तहानुसार मराठ्यांनी पोर्तुगीजांना दिलेली गावे महसुलापुरती होती, सार्वभौमत्व त्यात नव्हते. ते पुढे इंग्रजांच्या मान्यतेने प्रस्थापित झाले. अठराव्या शतकातील कोकणात ‘गाव दिले’ या शब्दांचा अर्थ नेहमी ‘राज्य दिले’ असा होत नसे, हे यावरून दिसून येते.

परिणाम : साष्टी मिळाल्याने मुंबईला अन्नधान्य, पाणी, विस्तारासाठी जमीन व मुख्य भूमीकडे जाणारा मार्ग मिळाला. १७९९ मध्ये पवईची जमीन कंपनीने डॉ. हेलेनस स्कॉट याला पट्ट्याने दिली. गावे नव्या धारकांस लावून देण्याची पोर्तुगीजकालीन रीत अशा प्रकारे पुढेही चालू राहिली. शीव व कुर्ला यांमधील बांधरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, तर माहीम-वांद्रे बांधरस्ता १८४५ मध्ये झाला. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत रेल्वे सुरू झाली. १९५० व १९५७ मध्ये मुंबई महापालिकेची हद्द उपनगरांत वाढविण्यात आली आणि १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. ज्या खाड्यांच्या आधारे मुंबई व साष्टी यांच्या सीमा वादात आल्या होत्या, त्यांपैकी माहीमची खाडी भराव व बांधकामे यांमुळे आता अरुंद झाली आहे. पहिल्या दानपत्रापासून सालबाईपर्यंतच्या अडीचशे वर्षांत या बेटाविषयी अनेक तह झाले. त्यांपैकी एकाही तहात बेटावरील रहिवाशांचे मत विचारात घेतले गेले नव्हते.