शिळी झालेली बंदुकीची दारू

दारू हा शब्द आपल्या भाषेत दोन अर्थांनी नांदतो. पिण्याची दारू जुनी होईल तसतशी तिची किंमत वाढते, असे त्यातले जाणकार सांगतात. आज बोलावयाचे ते बंदुकीच्या दारूविषयी, आणि तिचे नेमके उलट आहे.

आपल्या वाशीमच्या शेतशिवारात रानडुकरे आणि रोही पिकात शिरतात. त्यांना हाकलण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक एखाद्या घरी असते. अशा घरी कोणी परिचित मनुष्य स्वस्तातली दारू आणून देतो. ती आजोबांच्या फडताळातली असेल, जुनी काडतुसे उकलून काढलेली असेल, किंवा ‘लष्करी मालातली’ म्हणून सांगितलेली असेल. थोडी वापरावी, उरलेली डब्यात ठेवावी, असा विचार होतो. पुढे एके दिवशी डब्याचे झाकण गंजलेले दिसते, आणि तेव्हा प्रश्न पडतो की हिचे आता करावे काय?

प्रथम हे पाहिले पाहिजे की बंदुकीची दारू एक नसून दोन आहेत. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू ती पहिली. शिवकालापासून आपल्या किल्ल्यांवरील दारूकोठारांत तीच असे. दुसरी धूरविरहित दारू. ती पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने १८८४ साली सिद्ध केली. कापसासारख्या तंतूंवर नत्राम्लाची क्रिया करून जे नायट्रोसेल्युलोज मिळते, ते तिचे मूळ द्रव्य होय. काळ्या दारूचा शत्रू ओल. दमट हवेत सोरा दाण्यातून बाहेर येतो. मग ती उन्हात वाळवली तरी पूर्वीचे एकजीव मिश्रण परत येत नाही. धूरविरहित दारूची गोष्ट निराळी आहे. ती आपल्या आपणच, बंद डब्यात, अंधारात, हळूहळू विघटित होत असते. त्यातून नत्राचे आम्लधर्मी वायू निघतात आणि तेच वायू पुढील विघटनास हात देतात. म्हणून कारखान्यात तिच्यात डायफेनिलअमाइन मिसळतात. हे द्रव्य ते वायू शोषून घेते. परंतु ते संपले की राखणदार गेला. उष्णतेने हा वेग वाढतो, आणि पत्र्याच्या खोलीत आपला वैशाख कसा असतो हे येथे सांगावयास नको. तांबूस धूर, नाकाला झोंबणारा आंबूस वास, डब्याच्या आतला गंज, ही त्याची लक्षणे. मात्र लक्षण दिसले नाही म्हणजे दारू निर्दोष, असे मुळीच नाही.

फ्रान्सला हे शिकण्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली. तूलाँच्या बंदरात १९०७ साली ‘इएना’ आणि १९११ साली ‘लिबेर्ते’ या युद्धनौकांचा स्फोट झाला. दुसरीत सुमारे तीनशे माणसे गेली. दोन्ही ठिकाणी संशय जुन्या दारूवरच आला.

दुसरा धोका याहून साधा, आणि आपल्याकडे अधिक संभवनीय आहे. धूरविरहित दारूचे अनेक प्रकार असून काही सावकाश, काही अत्यंत वेगाने जळतात. दाणे पाहून, चिमटीत चोळून त्यांतला भेद कळत नाही. ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूच्या मापाने ती भरली, तर नळी फुटून बार उडविणाऱ्याचा हात किंवा डोळा जातो. मूळ डबा, त्यावरचे नाव आणि क्रमांक हाच दारूचा दाखला. तो हरवला की ती फुकट मिळाली तरी महाग.

आता तिची विल्हेवाट. जाळून टाकावी, विहिरीत ओतावी, बांधाला पुरावी, असे सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. पाण्याने काळ्या दारूतला सोरा विरघळतो हे खरे, परंतु धूरविरहित दारू पाण्याला दाद देत नाही. वाळली की पुन्हा पेटते. निकामी माल नष्ट करणे हे तो साठविण्याहून सोपे नाही, याचा दाखला विदर्भातच आहे. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी आग लागून अधिकारी व जवान बळी पडले. तेथे दारू नव्हे, रणगाडाविरोधी सुरुंग होते. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच भागात सोनेगाव आबाजी येथे जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत मोलमजुरीला आलेले लोक होते. शिकलेल्या माणसांच्या देखरेखीखालील काम जर असे उलटते, तर परसातल्या चुलीजवळ काय होईल?

लोक गप्प बसतात त्याचे कारण अज्ञान नव्हे, भय आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने विनापरवाना दारूगोळा बाळगणे गुन्हा ठरते. यास्तव मनुष्य विचार करतो, सांगावे तर आपणच अडकू. हे भय खोटे नाही, आणि ते उडवून लावणे मला योग्य वाटत नाही. परंतु डबा घरात ठेवून ते भय कमी होत नाही. उलट मुलाबाळांच्या वाट्याला येते. वकिलाचा सल्ला घ्यावा, पण त्यासाठी दिवस घालवू नयेत. मग पोलीस ठाण्यास कळवावे. तेथून बॉम्बशोधक व नाशक पथकास बोलावता येते. स्फोटकांविषयीच्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालयही आपल्या नागपुरातच आहे.

मात्र ठाण्यात जाताना डबा पिशवीत घालून नेऊ नये. झाकण उघडू नये, हलवू नये, उन्हात काढू नये. खोलीतला दिवा न लावता बाहेर यावे, दाराशी मोठे माणूस बसवावे, आणि डबा कोठे, किती वर्षांचा व कोणाकडून आला एवढे कागदावर लिहून तो कागद न्यावा.