ट्यूब ओव्हरड्राइव्ह पेडल: समज आणि वस्तुस्थिती

आयबानेझचं ‘ट्यूब स्क्रीमर’ उघडून आत ट्यूब शोधणारे अजूनही भेटतात. ती तिथे नसतेच. 1970 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या टीएस 808 मध्ये एक ऑप-अँप चिप, सिलिकॉन डायोडची जोडी आणि 9 व्होल्टची बॅटरी, एवढ्यावर सगळा खेळ. पुढे जोडलेल्या व्हॉल्व्ह (म्हणजे ट्यूब) ॲम्प्लिफायरला डिवचणं हे त्याचं काम, आणि गिटारवादक स्टीव्ही रे वॉनने ते त्याच्याकडून भरपूर करून घेतलं. उलट बी. के. बटलर यांच्या ‘ट्यूब ड्रायव्हर’मध्ये खरीखुरी 12एएक्स7 असते, पण तिच्या आधी ऑप-अँप आहे, सगळी मेहनत एकट्या ट्यूबच्या माथी नाही. तेव्हा घरी पेडल बांधायचं तर सर्किट ट्यूबकडून नेमकं काय करून घेतं, हे आधी कागदावर पाहून घ्यावं.

पहिला घोळ विजेचा. इतर पेडलं 9 व्होल्टवर चालतात, मग हेही चालेल असं वाटतं. 12एएक्स7 किंवा 12एयू7 चं फिलामेंट तापायला 12.6 व्होल्टला 150 मिलिअँपिअर लागतात. त्याचे दोन भाग समांतर जोडले तर 6.3 व्होल्टला 300. चौकोनी बॅटरी या भाराखाली एक मैफलही नीट काढणार नाही. अडॅप्टर 9 व्होल्टचा घेतला तरी अडचण राहतेच: 4 आणि 5 या पायांमध्ये जोडला तर फिलामेंट अर्धवट तापतं, समांतर जोडला तर प्रमाणाबाहेर. त्यापेक्षा 12 व्होल्टचा, 300 मिलिअँपिअरपर्यंत देऊ शकणारा चांगला डीसी अडॅप्टर घ्यावा आणि सरळ 4-5 मध्ये जोडावा. 12.6 च्या जागी 12 मिळाले तर ट्यूब कुरकुर करत नाही. जोडण्याआधी पिनचा धन-ऋण तेवढा तपासावा, कारण गिटारच्या बहुतेक पेडलांत मधली पिन ऋण असते.

आता जाणकारांचा समज: ट्यूबला अडीचशे व्होल्ट मिळाले नाहीत तर ती ट्यूबच नव्हे. ‘व्हॉल्व्हकास्टर’ हे हौशी मंडळींचं लाडकं सर्किट एका 12एयू7 वर चालतं आणि त्यात प्लेटलाही तेच 9-12 व्होल्ट मिळतात. एवढ्या कमी दाबावर ट्यूब लवकर हात टेकते, म्हणजेच आवाज लवकर फाटतो. ओव्हरड्राइव्हला दुसरं काय हवं? हा आवाज मोठ्या ॲम्प्लिफायरचा नाही, थोडा मऊ आणि धुरकट असतो, हे मान्य. मला तो आवडतो. मात्र इथे 12एयू7 काढून 12एएक्स7 घातली की पाचपट गेन मिळेल, ही आशा धरू नये. वर्धनांक कागदावर 20 विरुद्ध 100 आहे खरा, पण 12एएक्स7 चा अंतर्गत रोध मोठा. 12 व्होल्टवर ती पुरेसा प्रवाहच देत नाही आणि तो शंभर कागदावरच राहतो.

काही पेडलांत 12 व्होल्टपासून कन्व्हर्टरने दोनशेच्या वर व्होल्ट तयार करतात, निक्सी घड्याळांत करतात तसेच. इथला गैरसमज मात्र जिवाशी खेळणारा आहे. ‘अडॅप्टर तर 12 व्होल्टचा, झटका कसला बसणार?’ बसतो. अडॅप्टर काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटरमध्ये भार साठून राहतो. त्याच्यावर समांतर ब्लीडर रेझिस्टर हवाच, आणि तो असला तरी आत बोट घालण्याआधी मीटर लावून पाहायचं. पहिलंच पेडल असेल तर या वाटेला जाऊच नये.

पेडलच्या खिडकीतून दिसणाऱ्या केशरी उजेडावरून काही ठरवू नका. फिलामेंटचा उजेड मंद असतो. झगझगीत दिसत असेल तर खाली एलईडी आहे.

सुट्या भागांचं खूळ हा वेगळाच विषय. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत काही रुपयांना मिळणाऱ्या फिल्म कॅपॅसिटरऐवजी महागडा ‘ऑडिओ’ कॅपॅसिटर मागवला की आवाज खुलेल, असं अनेकांना वाटतं. कान बदल ओळखतो तो मूल्याचा. दोन टप्प्यांमधला 0.022 मायक्रोफॅरड आणि पुढचा 1 मेगाओम मिळून साधारण 7 हर्ट्‌झच्या खालचं कापतात, म्हणजे गिटारचं काहीच नाही. तिथे 0.001 घातला तर ही रेषा 160 हर्ट्‌झवर येते. गिटारची सर्वांत जाड तार 82 वर वाजते, तेव्हा खर्जाचा गाळ फाटण्याआधीच निघून जातो आणि कॉर्ड मोकळे ऐकू येतात. ट्यूब स्क्रीमरही हेच करतं, फक्त 720 हर्ट्‌झच्या आसपास. सगळ्यात जास्त फरक पाडणारा बदल असा सगळ्यात स्वस्त आहे. जुने व्हॉल्व्ह, अगदी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, कुणाच्या माळ्यावर सापडले तर क्रमांक जुळतो का पाहून जरूर लावा. पण कमी व्होल्टच्या सर्किटात त्यांच्यासाठी हजारो मोजू नका.

ट्यूब फक्त सम हार्मोनिक देते आणि ट्रान्झिस्टर विषम, हेही अर्धसत्य. तरंगाची वरची आणि खालची बाजू सारखीच कापली गेली की विषम हार्मोनिक उरतात, मग कापणारं काहीही असो. एकच बाजू जास्त दबली की सम येतात. एकटी ट्रायोड हलक्या हाताने वाजवली तर एका बाजूला झुकते, म्हणून ती गोड वाटते. जोरात ढकलली की दोन्ही प्रकार मिसळतात. हा झुकाव आपल्या हातात असतो. 12 व्होल्टच्या सर्किटात प्लेटच्या रेझिस्टरच्या जागी ट्रिमर बसवा आणि प्लेटवर मीटर लावा. 6 व्होल्टच्या आसपास सुरुवात करा, मग गिटार वाजवत ट्रिमर थोडा इकडे-तिकडे फिरवा. आवडलेल्या जागी ट्रिमर काढून मोजा आणि त्याच मूल्याचा रेझिस्टर सोल्डर करा.