घर विकणाऱ्याने ऐब लपवला तर?

कापडाच्या ताग्यात ऐब असेल तर आम्ही तो गिऱ्हाइकाला आधी दाखवतो, मग भाव सांगतो. धान्याच्या ढिगात हात घालून ओल हाताला लागताच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला भिजलेला माल वर का ठेवला नाही असे विचारले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. घराच्या सौद्यात मात्र हा धडा विसरला जातो.

कर्जत-खालापुरात उन्हाळ्यात ताजा रंग पाहून घर घेतले जाते. जुलैचा पाऊस लागला की स्लॅब गळतो, कॉलमला तडे दिसतात, गंजलेली सळई उघडी पडते. प्रश्न केवळ पैशाचा नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, 24 ऑगस्ट 2020 रोजी तारिक गार्डन ही इमारत कोसळून 16 जीव गेले. ती दहा वर्षांचीही नव्हती.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चे कलम 55 सांगते की, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला सहज न दिसणारा मोठा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे हे कपट ठरते. मग दिवाणी न्यायालयात सौदा रद्द करून पैसे परत मागता येतात किंवा घर ठेवून नुकसानभरपाई मागता येते. मुदत कपट कळल्यापासून 3 वर्षे.

घर बिल्डरकडून घेतले असेल तर रेरा कायदा, 2016 कामी येतो. ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करावी, नाहीतर भरपाई द्यावी. तक्रार महारेराकडे करावी. अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. तिथे मुदत 2 वर्षांची. खासगी मालकाकडून जुने घर घेतले तर सहसा दिवाणी न्यायालयच उरते.

मात्र जो दोष साध्या पाहणीत दिसला असता, त्याची तक्रार टिकणे कठीण. म्हणून सौद्याआधी इंजिनिअरला घर दाखवावे, एकदा पावसात पाहावे आणि गळती-तडे नसल्याचे विक्रेत्याकडून करारात लिहून घ्यावे. ‘आहे त्या स्थितीत घेतले’ अशा वाक्यावर सही करू नये. दोष निघालाच तर दुरुस्तीआधी फोटो व इंजिनिअरचा अहवाल घ्यावा आणि वकिलामार्फत नोटीस पाठवावी.

आपल्यापैकी कोणी घर विकत असेल, त्यानेही ऐब आधी सांगावा. भाव थोडा उतरेल, पण कमाई हलाल राहील.