जुन्या पोतीतील काचमणी कसे ओळखावेत

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील अनेक घरांत आजी-पणजीच्या मंगळसूत्राची काळी पोत जपून ठेवलेली असते. तिचे मणी काचेचे असतील तर हाताला गार लागतात आणि प्लॅस्टिकच्या मण्यांपेक्षा जड भरतात. घडण भिंगाखाली कळते. काचेची नळी ओढून, तिचे तुकडे करून केलेल्या मण्यात हवेचे बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबट दिसतात. सळईवर वितळलेली काच गुंडाळून केलेल्या मण्यात ते भोकाभोवती वळलेले असतात. बोहेमियातून येणाऱ्या साच्यातल्या मण्यांवर बारीक शिवण आढळते. वर्षानुवर्षे घासून भोकाच्या कडा झिजतात, चकाकी मंदावते. दोरा मात्र नंतर बदललेला असू शकतो. त्यावरून वय ठरवू नये. पोत गाठवायला देताना जुने मणी आवर्जून परत मागून घ्यावेत.